बोट ठेवल्याशिवाय बोलायचं नाही

१

रविवारी सकाळी मामा कधी हॉर्न वाजवत नाही. फाटकाबाहेर गाडी उभी करून तो चष्मा पुसत बसतो. मी खिडकीतून बघते, बूट चढवते, आईला "येते" म्हणते आणि निघते.

मामाचं चष्म्याचं दुकान आहे. आठवडाभर तो एका अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "आता बरं दिसतंय, की आता?" असं विचारत असतो. रविवारी तो विमान उडवतो. विमान म्हणजे फार मोठं काही नाही. चार माणसांचं, जुनं, पंख छतावरून दोन्हीकडे गेलेले, नाकावर एक पंखा. तिघा मित्रांनी मिळून घेतलेलं. मामी त्या विमानाला 'धाकटी' म्हणते. "जा, आज धाकटीचा वार," असं म्हणून ती मामाच्या हातात चहाचा थर्मास देते, आणि तो परत येईपर्यंत दर थोड्या वेळानं अंगणात येऊन वर बघते. हे मला तिच्या शेजारणीनं सांगितलं. मामी स्वतः कबूल करणार नाही.

मला मामा 'बडबडी' म्हणतो, कारण मी बोलत नाही. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर मला येत असतं. पण मी तोंड उघडेपर्यंत दुसऱ्याच कुणीतरी ते दिलेलं असतं. मग मी ते वहीच्या कोपऱ्यात लिहिते आणि खोडते.

विमानात मात्र माझ्यावाचून मामाचं चालत नाही. इंजिन चालू करण्याआधी तो एकेका गोष्टीचं नाव घेतो, आणि मी त्या वस्तूवर बोट ठेवून "बघितलं" म्हणायचं. बोट ठेवल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्याचा नियम. "दुकानात लोक अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात," तो म्हणतो. "डोळे मिटूनसुद्धा शेवटची ओळ वाचून दाखवतील. जीभ डोळ्यांच्या पुढे पळते. बोट पळत नाही."

"दारं?" मी कडीवर बोट ठेवते. "बघितलं."

"पट्टे?" "बघितलं."

"पेट्रोलची चावी?" ती खाली, आमच्या दोन आसनांच्या मध्ये आहे. वाकावं लागतं. "बघितलं."

आणि सगळ्यात शेवटी, "मागे?" मग मी वळते. मागच्या दोन आसनांवर काही सुटं पडलेलं नाही ना, ते बघते. रिकाम्या आसनांचे पट्टे आम्ही लावूनच ठेवतो, नाहीतर ते उडताना खडखडतात. त्यातल्या माझ्या पाठीमागच्या पट्ट्याच्या बकलावर बोट ठेवते. "बघितलं."

पुढे विमानाचं जे झालं त्यातून आम्ही दोघं वाचलो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. मी लिहायला बसले ती दुसऱ्याच कारणानं. कुणाचे तरी आभार मानायचे आहेत, आणि ते नेमके कुणाचे, हे मला सांगता येत नाही.

२

इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणून आम्ही हेडफोन लावतो. तोंडापुढे लहानसा माईक असतो. कुणी बोलत नसलं की तो झोपलेला असतो. बोलायला लागलं की आधी बारीक 'स्स्' होतं आणि मग शब्द येतो. चारही आसनांना असे हेडफोन होते. मागचा एक खराब झाला तेव्हा काढून टाकला. उरलेला, माझ्या पाठीमागचा, कायम आकड्याला लटकलेला असतो. त्याची पिनही कायम लावलेली.

त्या रविवारी मामानं "मागे?" विचारलं. मी वळून बोट ठेवलं आणि "बघितलं" म्हटलं.

स्स्. "बघितलं."

आवाज माझाच होता. पण शेजारच्या खोलीतून यावा तसा.

"एकदा म्हटलंस तरी पुरे गं, बडबडे," मामा म्हणाला आणि त्यानं इंजिन चालू केलं.

उतरल्यावर मिस्त्रीकाकांनी मागे शिरून वायरी चाचपल्या. धावपट्टीवरच्या सगळ्या लहान विमानांची दुरुस्ती तेच करतात. त्यांचा एक डोळा नेहमी बारीक असतो, आणि मामा कित्येक वर्षं त्यांना चष्मा लावून घ्या म्हणून सांगतोय.

"काही नाही हो, चष्मेवाले. हिचा आवाज मागचा माईक पकडतो आणि फिरवून तुमच्या कानात आणून सोडतो. काढून ठेवा तो हेडफोन."

"असू दे. कुणी आलं बरोबर तर लागतो."

"कोण येतंय? तुमच्या घरची तर धावपट्टीच्या कुंपणाच्या आत यायला तयार नाहीत."

"कुणीतरी येईल की कधीतरी."

दोघंही हसले. मीही हसले. मिस्त्रीकाकांचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. फक्त मी बसल्या बसल्या मागच्या माईकपर्यंतचं अंतर हातानं मोजून पाहिलं. मी "बघितलं" इतक्या हळू म्हणते, की मामाला हेडफोनशिवाय ते गाडीतसुद्धा ऐकू येत नाही.

३

पुढच्या रविवारी मी हळूच पण नीट लक्ष ठेवून होते. दारं, पट्टे, चावी. सगळीकडे माझा एकच आवाज. मला जरा हायसं वाटलं.

"मागे?"

मी वळले. बोट बकलापर्यंत पोचायचं होतं.

स्स्. "बघितलं."

"शाब्बास," मामा म्हणाला. तो पुढच्या काट्यांकडे बघत होता.

माझं बोट हवेतच राहिलं. वर्गात होतं तसंच झालं होतं. उत्तर माझं, आणि देणारं दुसरंच कुणीतरी. फरक एवढाच, की वर्गात निदान वळून बघता येतं कोण ते. इथे मी वळलेलीच होते आणि समोर दोन रिकामी आसनं होती. राखाडी कापड, एका शिवणीतून आलेला स्पंजाचा तुकडा, आकड्याला लटकलेला हेडफोन.

मी त्याच्या कानाच्या गादीला हात लावला. ती कोमट होती.

विमान सकाळपर्यंत हँगरमध्ये होतं. आम्हीच ते ढकलत बाहेर काढलं होतं. ऊन अजून खिडकीच्या काठाशीसुद्धा आलेलं नव्हतं. माझा स्वतःचा हेडफोन डोक्यावर चढवताना इतका गार लागला होता, की अंगावर काटा आला होता. मी पुन्हा हात लावणार होते, पण इंजिन चालू झालं आणि मला पुढे वळावं लागलं.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, "मामा..."

"हं?"

"काही नाही."

"बघ, पुन्हा सुरू झाली तुझी बडबड."

मामीकडे चहा घेताना तिला सांगावं असं मनात आलं. ती ओट्याशी उभी राहून मामाचा उद्धार करत होती. "मोरीतला नळ महिनाभर टपकतोय, तो याला ऐकू येत नाही. आणि धाकटीच्या पोटात जरा खुट्ट झालं की हा ताटावरून उठून धावतो! काय गं, खरं की नाही?"

मी मान हलवली. सांगितलं असतं तर मामी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघणार, मग आईला फोन करणार, आणि मग रविवार बंद. आठवड्यातली ती एकच वेळ, जेव्हा कुणीतरी मला विचारतं आणि माझ्या उत्तरासाठी थांबतं. मी मूग गिळून बसले.

४

त्यानंतरच्या रविवारी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. "मागे?" म्हणायच्या आतच मी वळले आणि बोट पटकन बकलावर टेकवलं. "बघितलं!"

मग थांबले. काहीच आलं नाही. स्स् सुद्धा नाही.

मला इतकं बरं वाटलं, की एक गोष्ट मी बघूनही सोडून दिली. रिकाम्या आसनावरचा पट्टा नेहमी ढिला असतो. बोट टेकवलं की बकल आत दबतं. त्या दिवशी ते दबलं नाही. पट्टा ताठ होता, कुणाच्या तरी पोटावरून ओढून घ्यावा तसा. मिस्त्रीकाकांनी घट्ट केला असेल, असं मी मनाला सांगितलं.

आम्ही वर गेलो. खाली शेतं, मधून एक करडा रस्ता, खेळण्यातल्यासारखी घरं. मामानं थोडा वेळ सुकाणू माझ्या हातात दिलं. मग त्यानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला, आणि तो पहिला घोट घेत असताना आवाज बदलला.

मोठा धडाका वगैरे काही झालं नाही. आपण बोलत असताना समोरच्याचं लक्ष उडावं, तसा इंजिनाचा सूर खाली आला. पुन्हा वर चढला. पुन्हा उतरला. मामानं चहा झाकणासकट खिडकीपाशी ठेवला. तो सांडला. मामानं तिकडे पाहिलं नाही, आणि तेव्हा मला भीती वाटली. चहा सांडलेला मामाला चालत नाही.

"काही नाही. जरा खोकला झालाय तिला," तो म्हणाला. "चल, बोट तयार ठेव. गरम हवा?"

मी खटका ओढून बोट ठेवलं. "बघितलं."

"ठिणगीच्या दोन्ही चुंबकांची किल्ली?"

"बघितलं."

"पेट्रोलची चावी, दुसरी टाकी. फिरव आणि बघ."

मी पूर्ण वाकले. गुडघा कशात तरी अडकला, मी तो सोडवला, चावी फिरवली, तिच्यावर बोट टेकवलं. "बघितलं!"

इंजिन दोनदा हुंदकल्यासारखं झालं आणि बंद पडलं. समोरचा पंखा वाऱ्यानं नुसताच फिरत राहिला, आणि एवढा वेळ नसलेला सगळा वारा एकदम ऐकू यायला लागला.

५

मामानं नाक किंचित खाली केलं. रेडिओवर तो बोलत होता ते मला दिसत होतं. ओठ हलत होते, पण आवाज लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा येत होता. भीतीनं कानात दडे बसतात, असं वाचलं होतं. तसंच असेल म्हटलं.

विमान पडत नव्हतं. हे मला आधी माहीत नव्हतं, की इंजिन गेलं तरी ते लगेच पडत नाही. उतारावर सायकल सोडून द्यावी तसं ते घसरत राहतं. फक्त त्या उताराला ब्रेक नसतो आणि वर परतही जाता येत नाही.

समोर एक लांब हिरवं शेत होतं. सपाट, सरळ, कडेला झाडं. मुद्दाम अंथरून ठेवल्यासारखं. मामानं त्याच्याकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला त्याचा चेहरा वाचता आला, 'हे उत्तम आहे, घाबरू नकोस.' मी खरंच घाबरायची थांबले. शेत मोठं होत गेलं. झाडांना फांद्या आल्या.

तेव्हा माझ्या उजव्या खांद्यावर बोट टेकलं.

धक्का नव्हता तो, आणि कुणी पकडलंही नाही. मी बकलावर टेकवते तसं, एक बोट, नीट, थोडं दाबून. आसनाच्या पाठीवरून पुढे येऊन.

मी किंचाळले नाही. माझ्या घशातून तेव्हा काहीही निघणं शक्य नव्हतं. मी वळलेही नाही, हे मात्र खरं. वळावंसं वाटलं नाही असं नाही. वळलं तर काय दिसेल, ते मला बघायचं नव्हतं.

आणि मामानं एकदम सुकाणू उजवीकडे घातलं.

हिरवं शेत खिडकीतून डावीकडे निघून गेलं. त्याच्या जागी एक तपकिरी, नांगरलेलं, आखूड शेत आलं. कुरूप. मध्ये ढेकळं, शेवटी मातीचा बांध. मला वाटलं, मामाला वेड लागलं. त्यानं दाराकडे हात केला आणि मला ओठांवरून कळलं, "दार सैल." मी कडी उघडून बोट ठेवलं. काय म्हणाले आठवत नाही.

चाकं टेकली तेव्हा आवाज झाला तो भांड्यांचं फडताळ जिन्यावरून गडगडत यावं तसा. पट्टा खांद्यात रुतला. माती सगळीकडून आत आली. बांध धावत आला आणि थांबला. खरं तर आम्ही थांबलो.

६

मामा मला ओढतच लांब घेऊन गेला. पेट्रोल असतं, म्हणून आधी लांब जायचं असतं. नांगरलेल्या मातीत पाय घोट्यापर्यंत जात होते. बऱ्याच अंतरावर तो मट्कन खाली बसला, चष्मा काढला आणि पुसायला लागला. शर्ट मातीनं भरलेला, त्यामुळे पुसून काचा आणखी मळत होत्या. तो पुसतच राहिला.

"लागलं का तुला कुठे?"

मी मान हलवली.

"नक्की? हात बघू. पाय? जीभ बाहेर काढ. आहे ना?" तो हसायला लागला आणि मग ते हसू राहिलं नाही. त्यानं माझं डोकं छातीशी धरलं. "तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं गं मी?"

त्याच्या दंडावरून मला विमान दिसत होतं. नाक बांधाला टेकलेलं, थकलेल्या जनावरासारखं. माझ्या बाजूचं दार सताड उघडं. आतून धूळ सावकाश बाहेर येत होती.

आमच्या विमानात मागच्यांना वेगळं दार नाही. मागच्या माणसाला उतरायचं असेल तर पुढच्या आसनाची पाठ पुढे दुमडावी लागते. आणि मी बघत असताना माझ्या आसनाची पाठ पुढे दुमडली. झटक्यानं पडली नाही. हळूहळू, शहाण्या माणसानं कुणाची वस्तू मोडू नये म्हणून बेतानं दुमडावी तशी. मग विमान किंचित हललं. एक पाय खाली टेकून दुसरा उचलताना हलतं, तेवढंच.

दारातली धूळ मध्येच दुभंगली आणि पुन्हा मिटली.

आसनाचा खटका धक्क्यानं तुटला असणार, मी स्वतःला म्हटलं. खटका तुटला की पाठ पडणारच. पडली की विमान हलणारच. मी हे तीनदा म्हटलं. मग मामाच्या शर्टात तोंड खुपसलं.

थोड्या वेळानं आम्ही रस्त्याकडे चालायला लागलो, तेव्हा मामा त्या हिरव्या शेताच्या कडेला थबकला. वर बघत राहिला. विजेच्या तारा होत्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत, शेतावरून आडव्या, बारीक, आभाळाच्याच रंगाच्या. खांब दोन्हीकडच्या झाडांत दडलेले. जमिनीवरूनसुद्धा मान तिरकी केली तरच दिसत होत्या.

"दुनियेला चष्मे लावणारा मी," मामा पुटपुटला. मग त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुला कशा दिसल्या गं?"

"काय?"

"तारा. तू म्हणालीस ना, 'मामा, उजवीकडे.' इतक्या शांतपणे, अगदी कानात. तू आयुष्यभर बोलली नाहीस तरी चालेल आता मला."

७

संध्याकाळी आमचं घर माणसांनी भरलं. आई माझा हात सोडत नव्हती. मामीनं मला जवळ घेतलं, मग मामाला एक धपाटा घातला, मग स्वयंपाकघरात जाऊन रडून आली आणि डोळे पुसत म्हणाली, "त्या धाकटीला एक मारायची राहिली."

सगळे मला एकच विचारत होते. तारा कशा दिसल्या? इतकी शांत कशी राहिलीस? मी खाली बघत होते. लाजतेय, असं सगळ्यांना वाटलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मितभाषी माणसाचा शब्द असाच वेळेला कामी येतो." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी ओरडलेच असेन, असं मीही ठरवायला आले होते. माणूस घाबरला की आपण काय बोललो हे त्याला आठवत नाही. खांद्यावर एक गोल वळ उठला होता, बोटाच्या पेराएवढा, पण पट्टा तिथूनच जातो. सगळं जुळवता येत होतं.

पण दोन दिवसांनी मिस्त्रीकाका विमान उचलायला गेले तेव्हा मामाबरोबर मीही गेले. दप्तरासारखी माझी एक पिशवी आत राहिली होती. मिस्त्रीकाका म्हणाले, पेट्रोलची रबरी नळी वरून ठणठणीत आणि आतून सोलून निघालेली. आतला पापुद्रा तोंडावर बसला आणि इंजिन उपाशी मेलं. "बाहेरून कुणाच्याही बापाला कळलं नसतं, चष्मेवाले. तुमचीही चूक नाही आणि माझीही नाही. दैव बलवत्तर म्हणायचं."

"माझ्या आसनाचा खटका तुटलाय का?" मी विचारलं. मी आपण होऊन काही विचारलं म्हणून दोघंही चकित झाले.

काकांनी पाठ मागेपुढे करून बघितली. टक्, टक्. "छे. नव्यासारखा आहे."

मी पिशवी घ्यायला वाकले. माझ्या हेडफोनची पिन भोकातून निघून खाली लोंबत होती. चावीच्या अगदी शेजारी, जिथे माझा गुडघा अडकला होता तिथे. मग मला कानातले ते दडे आठवले. इंजिन बंद पडायच्या आधीपासून माझा माईक मेलेला होता. मी बोलले असते तरी मामाच्या कानात ते गेलं नसतं.

मागे, आकड्यावर, दुसरा हेडफोन नीट लटकत होता. त्याची पिन लावलेली होती. आसनाचा पट्टा उघडा होता. सगळीकडे धुळीचा जाड थर बसलेला, आणि बकलाच्या मधोमध एक ठसा. एकाच बोटाचा. माझं बोट मी त्यावर धरून पाहिलं, न टेकवता. ठशातलं बोट माझ्यापेक्षा जरा लहान होतं.

परतताना गाडीत मी म्हटलं, "मामा, ती मी नव्हते."

मामानं गाडी कडेला घेतली. चष्मा काढला, पुसला, घातला.

"तुझी निघालेली पिन मी शेतातच बघितली होती, तुला बाहेर ओढताना. तिचा अर्थ मात्र घरी जाताना लागला," तो म्हणाला.

"मग घरी सगळ्यांना..."

"काय सांगणार होतो? कोण होतं ते मला माहीत नाही. कशाला होतं, तेही नाही. रात्री आठवलं की दिवा लावून बसतो, तुझ्या मामीला सांगतो पोट बिघडलंय." त्यानं रस्त्याकडे बघत एक श्वास सोडला. "पण बडबडे, तू माझ्या शेजारी बसली आहेस. माझ्या दृष्टीनं हिशेब तिथे संपतो. कुणी दार उघडून दिलं तर आत जावं, त्याचं नाव-गाव विचारत उंबऱ्यात उभं राहू नये."

"पण आभार?"

त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मग म्हणाला, "ते राहिलंय खरं."

८

विमान दुरुस्त व्हायला बरेच महिने गेले. मामी म्हणाली होती, धाकटीचं नाव या घरात काढायचं नाही. मग एके दिवशी तिनंच थर्मास धुऊन वाळत घातला. "एका अटीवर. हिला सोबत घेतल्याशिवाय जायचं नाही. हिच्या तोंडून योग्य वेळी शब्द निघतो."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी मामीच्या गळ्यात पडले.

"दारं?" "बघितलं." "पट्टे?" "बघितलं." "चावी?" "बघितलं."

मामा थांबला. मग नेहमीपेक्षा हळू म्हणाला, "मागे?"

मी वळले. आसन रिकामं होतं. त्याच्यावरचा पट्टा मामानं मुद्दाम लावलेला नव्हता. दोन्ही टोकं मांडी मोकळी ठेवून बाजूला, नीट ठेवलेली. मी हेडफोनच्या गादीला हात लावला. गार. आम्ही दोघंही ऐकत राहिलो. माईक झोपलेला होता.

"नाही," मी म्हटलं.

"नाही," मामा म्हणाला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी ते शेत डोळ्यांपुढे आलं. मागे जे कुणी होतं, ते तिथेच उतरलं होतं. त्या नांगरलेल्या शेतात. मी स्वतः बघितलं होतं, आणि आम्ही दोघं पाठ फिरवून रस्त्याकडे चालत निघून आलो होतो.

वर गेल्यावर मामानं न विचारताच तिकडे वळवलं.

ते शेत आता तपकिरी नव्हतं. पेरलेलं होतं, गुडघाभर हिरवं. आमची सावली त्याच्यावरून निसटत चालली होती. बांध दिसला. बांधाला धडकलो होतो तिथे अजूनही एक चट्टा होता, काहीच न उगवलेला. मामानं पंख कलवला, माझ्या बाजूचा, म्हणजे मला सरळ खाली बघता यावं.

चट्ट्यावर कुणीतरी उभं होतं. एवढ्या उंचीवरून माणूस दाण्याएवढा दिसतो, त्यामुळे मी काही शपथेवर सांगणार नाही. खांब असेल, बुजगावणं असेल. पण त्यानं मान वर केलेली होती. आणि एक हात उचललेला होता, हलवण्यासाठी नव्हे. आमच्याकडे बोट करून.

मी खिडकीच्या काचेवर, बरोबर त्याच्यावर, बोट टेकवलं.

"बघितलं," मी म्हटलं. आणि मग, कुणी न विचारता, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं, "आभारी आहे. फार आभारी आहे."

मामानं मला काय बघितलंस ते विचारलं नाही. त्यानं नुसती मान झुकवली, देवळात झुकवावी तशी, आणि पंख सरळ केले. शेत मागे गेलं. आम्ही घराच्या दिशेनं वळलो. आता मामी अंगणात येऊन वर बघत असेल, असं माझ्या मनात आलं.

स्स्.

माझा माईक नव्हता तो. मामा बोलत नव्हता. आमच्या दोघांच्या कानात, अगदी स्पष्ट, मागे कुणीतरी पट्टा ओढून घेतल्याची सळसळ झाली, आणि बकल लागलं. टक्.

मामाचे हात सुकाणूवर पांढरे पडले होते. आम्ही दोघंही पुढेच बघत राहिलो.

"पट्टे?" मामानं विचारलं. त्याचा आवाज कापत होता, पण त्यात नेहमीचा मामा होता.

मी माझ्या बकलावर बोट ठेवलं. आणि बोलले नाही. उत्तर द्यायची पाळी माझी नव्हती. मी थांबले.